टर्बोची टाळू

इटियाडोहच्या कालव्याला कुठं पाझर लागलाय, हे तुलसीराम बिसेन चपला काढून नुसत्या तळपायानं सांगत असत. पाटबंधारे खात्यात त्यांची हयात गळत्या शोधण्यात गेली. गळती बुजवणारे साहेब वेगळे होते आणि ते सहसा रजेवर असत. पण शोधण्याच्या बाबतीत बिसेनबाबूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या कालव्यावर नव्हता. अशा माणसाच्या स्वतःच्या पोर्चमध्ये, दसऱ्याला घरी आणलेल्या नव्या कोऱ्या गाडीखाली तेलाचा थेंब पडावा, याला प्रारब्ध म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

कार्तिकाचे दिवस होते. गोरेगावच्या विठ्ठल मंदिरात पहाटे काकडा चालू होता. बाबू काकड्याहून परतले ते कपाळाला बुक्का आणि ओठांत नाम घेऊन, आणि पोर्चमध्ये येताच खाली उकिडवे बसले. थेंबाला बोट लावलं, दोन बोटांत चोळलं, आकाशाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "इंजिनचं."

तुळशीपाशी दिवा लावून रामबाई आत निघाली होती. ती थबकली. "कायले बसून राहिले जी थंडीत?"

"गाडी गळून राहिली, हेमेंद्रची माय."

"नव्वी गाडी?" रामबाईनं हातातली तेलाची वाटी पदराआड घेतली. "नजर लागली असन तिले. त्या धुरपताबाईनं पाह्यलं परवा, तोंडावर पदर नाही घेतला."

 नजर लागून तेल गळतं, हे शास्त्र पाटबंधारे खात्यात मान्य नव्हतं.

आता या गाडीविषयी थोडं सांगायला हवं. गाडी डिझेलची होती आणि तिला टर्बो होता. शोरूमच्या माणसानं चावी देताना बजावलं होतं, "काकाजी, हा टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा एक पंखा आहे. अंगारासारखा तापतो. गाडी थांबवली की लगेच चावी नका फिरवू. थोडं चालू राहू द्या, त्याला थंड होऊ द्या." हे ऐकताना रामबाई बाजूला ओटीचं ताट घेऊन उभी होती आणि तिनं ते बाबूंपेक्षा जास्त मनावर घेतलं होतं, हे पुढं कळेल. बाबूंनी मात्र त्याचं व्रतच केलं. कुठूनही आले की पोर्चमध्ये गाडी सुरू ठेवून डोळे मिटून बसायचे आणि टर्बो निवेपर्यंत नामस्मरण करायचे. समोरच्या घरातले केशोराव पटले लोकांना सांगायचे, "बाबू रोज गाडी सुरू ठेवून झोपी जातेत."

शोरूमवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला तर वॉरंटी गेली. बाबूंनी त्याचा अर्थ असा घेतला की स्वतःचाही हात न लागलेला बरा. पूजेच्या दिवशी भटजींनी सांगितलं म्हणून एकदा खटका ओढून बॉनेट उघडलं, रामबाईनं हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि बॉनेट बंद झालं, ते झालं. त्यानंतर बाबूंनी त्या खटक्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तर थेंब पडला. एरवी बाबूंनी तो कागद घालून टिपला असता आणि गप्प राहिले असते. पण काकडा संपत आला होता. समाप्तीला काल्याचं कीर्तन खेमराज महाराजांचं होतं आणि महाराजांना आमगावहून आणण्याचा मान बाबूंनी समितीकडून मागून घेतला होता.

ज्यानं खेमराज महाराजांचं कीर्तन ऐकलं नाही त्याला हे समजावणं कठीण आहे. महाराज एकदा पायात चाळ बांधून उभे राहिले, मागच्या टाळकऱ्यांकडे मान वळवून हसले, की समोर बसलेल्याला घरी चूल आहे की नाही याचीही आठवण राहत नाही. बाबू जन्मभर मंडपातल्या मागच्या खांबाला टेकून ते ऐकत आले. पण कीर्तनात महाराज हजार जणांचे. आमगाव ते गोरेगाव ते एकट्या गाडीवाल्याचे. दरवर्षी तो मान केशोरावांच्या जीपला मिळे, आणि वाटेत महाराज जे बोलत ते केशोराव नंतर पानठेल्यावर असं काही उलटसुलट सांगत, की बाबूंच्या जिवाची तगमग होई. एकदाच, फक्त एकदाच, तो तासभर आपल्याला मिळावा. गाडी घेण्यामागं खरं कारण तेच होतं. रामबाईला मात्र त्यांनी गुडघेदुखीचं सांगितलं होतं.

आणि आता थेंब.

दुसऱ्या दिवशी काकड्याहून येऊन पाहतात तो दोन. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाली खोक्याचा पुठ्ठा अंथरला, त्यावर खडूनं चाकांच्या खुणा केल्या आणि कालव्याच्या रिवाजानं पूर्व-पश्चिम लिहिलं. केशोराव कंपाउंडवरून वाकून पाहत होते.

"काय मांडून राहिले गा बाबू? ज्योतिष?"

"थोडं तेल झिरपून राहिलं."

"टर्बो असन." केशोरावांनी डॉक्टरसारखी मान हलवली. "ते काढूनच टाका. माह्या जीपले कोठी आहे टर्बो?"

"तुमच्या जीपमधून तं डिझेलपासून पाण्यापर्यंत सगळंच गळते, केशोरावभाऊ."

"गळते म्हणूनच कळते ना की आत भरलं आहे." केशोराव जराही विचलित झाले नाहीत. "पण महाराजाले आणाचं आहे, याद आहे ना? मधात कोण्या बांधीत गाडी बसली तं महाराज काय चिखलात कीर्तन करतीन? गाडी कोरडी आहे असं समितीपुढं सांगा, तं जा. नाही तं माही जीप आहेच."

समितीचे सचिव केशोरावच होते.

बाबू त्याच दिवशी गोंदियाला गेले. सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर टिकेश हा तरतरीत पोरगा. त्यानं गाडी उचलून खालून पाहिली, वरून पाहिली, हात पुसले. "काकाजी, बाहर से थोडा ऑईल दिसून राहिला. पाईप को पसीना आता है टर्बो में. धुऊन देतो, टेन्शन नका घेऊ."

गाडी धुतली. रात्रभर तिथंच ठेवली. सकाळी टिकेशचा फोन, "काकाजी, एक बूँद नाही." बाबू गाडी घेऊन आले, शिट्टी वाजवत नव्हते एवढंच. दुसऱ्या पहाटे काकड्याला गेले, परत आले, आणि पुठ्ठ्यावर इंजिनाच्या बरोब्बर खाली तेलाचा रुपयाएवढा डाग.

"घरीच काऊन गळते?" बाबूंनी रामबाईला विचारलं.

"लेकरू बाहेर शहाणं राहते, घरी आलं का रडते," ती म्हणाली. आणि तिचा चेहरा इतका उतरला की उलट बाबूंनाच तिची समजूत घालावी लागली.

गाडी पुन्हा गोंदियाला. पुन्हा तिथं कोरडी, पुन्हा घरी ओली. बातमी गावभर झाली. कोणी म्हणालं पोर्चला उतार आहे, कोणी म्हणालं पोर्चचं तोंड दक्षिणेला आहे. शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी पोर्चची फरशी गार असल्यानं लोखंड आकसतं, असं चित्र काढून समजावलं. धुरपताबाईनं खरंच येऊन गाडीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, कारण आपलं नाव घेतलं गेल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. बाबू एका खुर्चीत बसून सगळ्यांचं ऐकत होते. ज्यानं चाळीस मैलांच्या कालव्याच्या गळत्या तळव्यानं ओळखल्या, त्याला स्वतःच्या दारातली गळती शेजाऱ्यांनी समजावून सांगावी! देव माणसाचा अभिमान कसा उतरवतो, हे कीर्तनात ऐकायला बरं वाटतं. खुर्चीत बसून सोसायला नाही.

शेवटी टिकेशनं सांगितलं, "काकाजी, टर्बो का मामला असन तर कंपनी बिना सबूत के मानत नाही. इंजिनच्या तेलात आम्ही एक औषध टाकून देतो. तुम्ही गाडी चालवा मस्त. मग नागपूरहून इंजिनियर साहेब येतात, निळी टॉर्च मारतात. जिथून तेल बाहर निकलते तिथं पिवळं-हिरवं चमकते. छुपत नाही."

बाबूंना हे फार आवडलं. कालव्यातसुद्धा ते रंग टाकून पाझर शोधत असत. औषध घातलेली गाडी घेऊन ते थेट इटियाडोहपर्यंत जाऊन आले. धरणाच्या भिंतीवर उभं राहून गाडीला पाणी दाखवलं आणि मनात म्हणाले, "बघ बाई, एवढं पाणी अडवलं आहे माणसानं. तू दोन थेंब नाही अडवू शकत?"

टॉर्चचा दिवस उजाडला. समाप्तीच्या आदला दिवस. रामबाई पहाटेच नेसून तयार.

"तू कायले येतेस?"

"पेशंटजवळ घरचं माणूस नको?" ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

हिमांशू नावाचा इंजिनियर गंभीर होता, चष्मा लावलेला, नागपूरकडचा. त्यानं शटर ओढलं, दिवे मालवले, बॉनेट उघडलं आणि निळी टॉर्च लावली.

दिवाळीच झाली. इंजिनाचं झाकण चमकलं, पाईप चमकले, टर्बोवरचं पत्र्याचं कवच तर जणू आतून पेटलं होतं. पिवळं-हिरवं, लखलखीत. टिकेशच्या तोंडून "अरे बाप रे" एवढंच निघालं. "ये तो पूरा गया," हिमांशू हळूच म्हणाला. बाबूंनी टेकायला खांब शोधला. खांब नव्हता. त्यांना केशोरावांची जीप दिसू लागली, तिच्यात पुढं बसलेले महाराज दिसू लागले.

हिमांशू मात्र वाकून पाहतच होता. मग त्यानं टॉर्च वर केली, बॉनेटच्या आतल्या बाजूला. तिथं एक स्वस्तिक चमकत होतं. चारी टिंबांसकट.

बाबूंना कालव्याचं ज्ञान होतं. पाझर खाली जातो, वर चढत नाही. आणि चढला तरी टिंबं देत नाही.

"सर," हिमांशू म्हणाला, "टर्बोवर पाच रेघा आहेत. बोटांच्या. ये किसने..." असं म्हणत तो वळला आणि टॉर्च त्याच्यासोबत वळली. उजेड रामबाईच्या हातांवर पडला. तिनं पदर तोंडाशी धरला होता. दहाच्या दहा नखांत दिवे लागले होते.



"हळद आहे जी," रामबाई पदराआडून म्हणाली. "जवसाच्या तेलात. चमकते हे मले काय माहीत?"

मग सगळं बाहेर आलं. अंगारासारखा तापतो म्हणाले ना शोरूममध्ये?  बाबू काकड्याला गेले की ती तुळशीला दिवा लावायची आणि त्याच वाटीतलं हळद-तेल घेऊन पूजेत पाहिलेला तो खटका ओढायची. "हेमेंद्र लहान होता तं त्याले ताप चढे. टाळूवर तेल थापलं का उतरे. हे पण तापते म्हणून म्या... अन् मंग हे म्हणाले गळून राहिली. मले वाटलं, ताप वाढला. मंग थोडं जास्त लावलं." थेंब पडला म्हणून तेल वाढलं आणि तेल वाढलं म्हणून थेंब वाढले. या चक्राला कुठल्याही कंपनीची वॉरंटी पुरली नसती.

हिमांशू आधी रागावणार होता. तापलेल्या टर्बोवर तेल म्हणजे धूर, आणि कधी आगही, हे त्यानं सांगितलं. पण रामबाई इतकी लक्ष देऊन ऐकत होती, की त्याचा आवाज आपोआप खाली आला. "काकीजी, ये बच्चा नहीं है. याला तेल आतून मिळते."

"आतून मिळते हे मले कोनं सांगितलं? वरून तं कोरडं दिसे बिचारं."

टिकेशनं सगळं इंजिन घासून पुसून लख्ख केलं. पुन्हा अंधार, पुन्हा टॉर्च. एक ठिपका नाही. गाडी निरोगी होती, पहिल्या दिवसापासून. "पण सर, पुन्हा बाहेरचं तेल सापडलं तर वॉरंटी संपली समजा," हिमांशूनं जाताना सांगितलं.

परतीच्या वाटेवर बाबूंनी मनात एक लांबलचक भाषण तयार केलं. त्यात खात्यातली नोकरी होती, शेजारी होते, पुठ्ठा होता, धरणापर्यंतची चक्कर होती. धानाच्या बांध्या मागं पडत गेल्या आणि भाषण लांबत गेलं. इतक्यात रामबाई म्हणाली, "समितीले काय सांगाल?"

भाषण तिथंच अडलं. गाडी कोरडी आहे हे सांगायचं, तर ती ओली का होती हेही सांगावं लागणार. आणि ते सांगितलं, की रामबाईला पाणवठ्यावर, लग्नात, बारशात जन्मभर टर्बोची माय म्हणून हाका मारतील. न सांगावं तर महाराज जीपमध्ये.

पोर्चमध्ये गाडी थांबली. बाबूंनी सवयीनं डोळे मिटले. रामबाई रोज उतरून आत जायची. आज तीही बसून राहिली, टर्बो निवेपर्यंत.

संध्याकाळी मंदिरात समिती बसली होती. बाबू उभे राहिले. "गाडीत गळती नाही. वरून हळद-तेल लागलं होतं. कंपनीच्या इंजिनियरनं तपासून दिलं आहे."

"हळद-तेल?" केशोराव पुढं सरकले. "इंजिनले? कोनं लावलं?"

बाबूंनी विठ्ठलाकडे पाहिलं. विठ्ठलानं कमरेवरचे हात काढले नाहीत.

"मी," बाबू म्हणाले.

हसू आधी एका कोपऱ्यातून आलं, मग मंडपभर पसरलं. "कालवा निरीक्षक," केशोराव डोळे पुसत म्हणाले, "अन् इंजिनाची मालिश. मंग आंघोळ कोण घालते जी?"  पण मान बाबूंचाच राहिला. गळती नाही म्हटल्यावर समितीला दुसरं कारण उरलं नाही.

सकाळी आमगाव. महाराजांचं रात्रीचं कीर्तन लांबलं होतं. बाबूंनी नमस्कार केला, दार उघडलं, महाराज पुढच्या सीटवर बसले, "रामकृष्णहरी" म्हणाले आणि पहिल्या वळणाआधीच घोरू लागले.

एवढ्या तपश्चर्येचा तास, आणि घोरणं. बाबूंना आधी वाईट वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की घोरण्यालाही एक ठेका आहे. खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता, बैलगाडीच्या मागं मागं ते गाडी हाकत राहिले. गोरेगावच्या मंडपापुढं आले तरी बाबूंनी इंजिन बंद केलं नाही. टर्बो निवू दिला, महाराजांना झोपू दिलं. दिंडी पुढं उभी, हातात हार घेऊन लोक उभे, आणि बाबू डोळे मिटून.

हे सगळं सहन न होऊन केशोरावांनीच दार उघडलं आणि महाराज पुरते जागे होण्याआधी त्यांना हळदीची सगळी हकिगत सांगून टाकली.

काल्याच्या कीर्तनात महाराजांनी ती घेतली. घेणारच. उत्तररंगात टाळ थांबवून म्हणाले, "तुमच्याच गावात एक भक्त आहेत. इंजिनाला वरून तेल चोपडतात. आपलंही तेच आहे मायबाप. वरून गंध, वरून माळ, आणि आत..." मंडप खदखदला. माना मागच्या खांबाकडे वळल्या. बाबू खांबाएवढेच बारीक होण्याचा प्रयत्न करत होते.

बायकांच्या बाजूनं रामबाई उभी राहिली.

"महाराज, ते यायनं नाही लावलं. म्या लावलं. यायले तं ते झाकण उघडाचंही भेव वाटते."

 महाराजांनी उपरणं सावरलं. "कायले लावलं, माय?"

"तापते म्हणाले. म्हणून."

"आणि मग यांनी आपलं नाव काऊन सांगितलं?"

"मले हसतीन म्हणून असन," रामबाई म्हणाली आणि खाली बसली.

 महाराज टाळकऱ्यांकडे वळून म्हणाले, "माझा दृष्टांत उलटा पडला बाप्पा. आत तेल आहे." आणि नाम सुरू केलं ते असं, की केशोरावसुद्धा नाचले. बाबू नाचले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हातातला खांब सोडला असता तर पाऊल कुठं टाकायचं ते दिसलं नसतं.

आता इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये थेंब होता.

बाबूंनी बोट लावलं. काळाकुट्ट. या वेळी हुंगलंही. हळद नाही, जवस नाही. शुद्ध, अस्सल, इंजिनचं.

त्यांनी गोंदियाला फोन लावला. टिकेश शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काकाजी, आधी काकीजींना विचारा."

रामबाईनं तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली. टिकेशला शपथ फोनवरून दिसत नव्हती. हिमांशू साहेब पुढच्या खेपेला टॉर्च घेऊन येतील, तोवर काही बोलता येत नाही, असं ठरलं. बाबूंनी फोन ठेवला, आत गेले, हळदीचा डबा कपाटात घातला आणि चावी जानव्याला बांधली.

दुपारी केशोराव काल्याचा प्रसाद घेऊन आले. बाबू जेवत होते. ताटातलं वरण पांढरंफटक, बटाटे पांढरे, आणि रामबाईनं दोन्ही हात राखेनं घासून असे उजेडात धरलेले, जणू मेंदी वाळवते आहे.

"घरात कोणी बिमार आहे का, बाबू?" केशोरावांनी विचारलं.

"नाही," बाबू वरणाचा भुरका मारत म्हणाले. "पुरावा जपून राहिलो."